घरच्या लेथला रोजचं काम कुठून आणाल?

लेथ आली, ड्रिल मशीन बसलं, बाकावर व्हाइसही पक्का झाला. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास काम करायचं ठरलं. पहिल्या महिन्यात मित्राचा एक जॉब आला आणि नंतर? मशीनवर कव्हर, पण बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. तुमचंही असंच झालंय का?

अशा वेळी बरेच जण कारखान्यांच्या दारात जाऊन उभे राहतात. भोसरी असो, राजकोट किंवा कोइम्बतूर, हजार नगांच्या ऑर्डरसाठी तिथे सीएनसीवाले आधीच बसलेले असतात. त्यांच्या दरात तुमच्या हाताच्या लेथचं वीजबिलही निघणार नाही. ती रांग सोडा.

तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याचं मशीन आज बंद पडलंय तो. पिठाची गिरणी, उसाच्या रसाचं यंत्र, बेकरीतलं पीठ मळायचं मशीन, पाण्याचा पंप. शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजलाय, बुश सैल झालाय. एका बुशसाठी मोठं वर्कशॉप सेटिंग बदलत नाही, आणि मशीन गावातच बनवलेलं असेल तर सुटा भाग बाजारात मिळत नाही. इथे दरावर फारशी घासाघीस होत नाही, कारण मशीन बंद म्हणजे धंदा बंद.

पण हा माणूस थेट तुमच्याकडे येणार नाही. तो आधी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे, वेल्डरकडे नाहीतर बेअरिंगच्या दुकानात जातो. म्हणून ओळख या तिघांशी वाढवा. वेल्डरने झिजलेला शाफ्ट भरून दिला की तो मापात टर्न करायला कोणीतरी लागतंच. त्यांना एकच गोष्ट हवी असते, सांगितलेल्या दिवशी जॉब परत मिळणं. माझ्या मते स्वस्त दरापेक्षा याची किंमत जास्त.

प्रत्येक जॉबचं बोअर, बाहेरचा व्यास, लांबी आणि धातू वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तोच भाग फोनवर सांगितला तरी बनेल. ब्रेक, स्टिअरिंग किंवा वजन उचलायच्या हुकाचं काम मात्र कितीही पैसे मिळाले तरी नको.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असेल तर 2006च्या एमएसएमई कायद्यानुसार कारखान्याला तुमचं बिल लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. घरगुती मीटरवर धंदा चालवणं महागात पडू शकतं. वापर पकडला गेला तर दुप्पट दराने आकारणी होते, तेव्हा वीज कंपनीकडे आधीच चौकशी करा.

आणि रसवंतीवाल्यांना जानेवारीतच भेटा. उन्हाळा लागला की त्यांना यंत्र उघडायला वेळ नसतो.