सोल संगीतात माऊथ ऑर्गन : कमी वाजवला तर जास्त ऐकू येतो



"बाई, मी गाते तेव्हा तो पण गातो. मग माझं कोण ऐकणार?"

स्नेहसंमेलनाच्या तालमीत आठवीतली एक मुलगी मला असं म्हणाली. 'तो' म्हणजे आमच्या बँडमधला माऊथ ऑर्गन वाजवणारा मुलगा. गाणं होतं बेन ई. किंग यांचं १९६१ सालचं 'स्टँड बाय मी'. मुलगा पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत थांबतच नव्हता. खरं सांगायचं तर चूक माझी होती. "वाजव रे बिनधास्त" असं मीच त्याला सांगितलं होतं. मग मी त्याचं वाजवणं बरंच कमी केलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटायला आली. "त्याला एवढंच का दिलंत?" त्या माउलीला दिलेलं उत्तर आज सविस्तर लिहिते आहे.

सोल संगीत म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात १९५० आणि १९६० च्या दशकांत हे संगीत घडलं. चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' यांच्या मिलाफातून ते आलं. डेट्रॉइटची मोटाउन आणि मेम्फिसची स्टॅक्स या त्यातल्या दोन प्रसिद्ध रेकॉर्ड कंपन्या. रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग ही मोठी नावं.

या संगीताचा प्राण म्हणजे गायकाचा आवाज. बाकी सगळे त्या आवाजाला आधार देतात. ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर देतो, बास गिटार चाल पुढे नेते, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मध्येच दोन-तीन सुरांचे तुकडे टाकून गप्प बसतात. म्हणजे थांबणं हा इथे सगळ्यांच्याच कामाचा भाग आहे, एकट्या माऊथ ऑर्गनवाल्याला दिलेली शिक्षा नाही.

मग माऊथ ऑर्गनच जास्त का खटकतो?

आपल्याकडे माऊथ ऑर्गन म्हटलं की 'शोले'मधला पायरीवर बसलेला जय आठवतो. आजूबाजूला शांतता आणि त्यात तो एकटा सूर. म्हणूनच तो काळजाला भिडतो. बँडमध्ये मात्र अशी शांतता नसते. तिथे तीन अडचणी येतात.

पहिली अडचण पट्टीची. माऊथ ऑर्गनचे बरेचसे सूर माणसाच्या गाण्याच्या सुरांच्या आसपासच असतात. पेटीसारख्याच, हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून त्याचा आवाज येतो. तो टोकदार असतो आणि शब्दांवर चढून बसतो. बास गिटार कितीही वाजली तरी गायिकेचे शब्द झाकत नाही, माऊथ ऑर्गन झाकतो.

दुसरी अडचण सुरांची. शाळेतल्या मुलांकडे बहुधा १० घरांचा साधा माऊथ ऑर्गन असतो. तो एकाच स्केलचा, त्यात बाराही सूर सहज मिळत नाहीत. सोलमध्ये कॉर्ड बदलत राहतात, आणि काही गाण्यांत तर शेवटचं कडवं अर्धा सूर वर चढतं. अशा वेळी अखंड वाजवत राहिलं की बेसूर होणारच. बाजूला बटण असलेल्या क्रोमॅटिक माऊथ ऑर्गनवर बाराही सूर मिळतात, पण तो महाग असतो आणि शिकायला वेळ लागतो.

तिसरी अडचण शैलीची. माऊथ ऑर्गनवर हवा आत ओढताना सूर खाली वाकवता येतो. ती लकब ऐकायला फार गोड, पण ती ब्लूजची ओळख आहे. प्रत्येक ओळीत ती आली, की सोल गाणं ऐकता ऐकता ब्लूज होऊन जातं.

स्टीव्ही वंडर यांच्याकडून काय शिकायचं?

जन्म १९५० चा. लहानपणापासून अंध. 'फिंगरटिप्स' या गाण्याचं मंचावरचं ध्वनिमुद्रण १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ते अवघे १३ वर्षांचे होते. त्या गाण्यात माऊथ ऑर्गन भरपूर आहे, कारण ते गाणं त्यासाठीच होतं. पुढे १९६८ चं 'फॉर वन्स इन माय लाइफ' ऐका. तिथे बराच वेळ आवाजच राज्य करतो, आणि मग माऊथ ऑर्गनला मोकळी जागा मिळते. १९७६ च्या 'इझंट शी लव्हली'मध्ये तो भरपूर वाजतो, पण शब्द थांबल्यावर.

यात मुलांना सांगण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. मंचावर एकच माणूस गातो आणि तोच माऊथ ऑर्गन वाजवतो, तेव्हा दोन्हींसाठी तोंड एकच असतं. ओठांवर शब्द असतील तर वाजवता येत नाही. म्हणजे शिस्त आपोआपच येते. आपल्या बँडमध्ये गाणारी वेगळी आणि वाजवणारा वेगळा, म्हणून ती शिस्त शिकवावी लागते.

मी त्या मुलाला म्हटलं, "गाणं तूच म्हणतोयस असं समज. मनातल्या मनात शब्द म्हण. ओठ मोकळे झाले की वाजव." त्याला पटकन कळलं. भजनात बुवा दम घेतात तेव्हा पेटीवाला जागा भरतो, अगदी तसंच.

वर्गात कसं घ्यायचं?

१. गाण्याचे शब्द कागदावर लिहा. गायिका जिथे श्वास घेते तिथे पेन्सिलने खूण करा. वाजवायचं ते फक्त या खुणांवर, आणि सगळ्या खुणांवर नाही.

२. हिशोब करा. ३ मिनिटांचं गाणं, मिनिटाला १०० ठोके, म्हणजे ३०० ठोके. चार ठोक्यांचा एक बार धरला तर ७५ बार झाले. ८ बारचा एक एकल तुकडा, आणि कडव्यांच्या शेवटी २ बारच्या चार छोट्या जागा. एकूण १६ बार, म्हणजे गाण्याचा साधारण पाचवा भाग. तेवढं पुरतं, बरं का!

३. पहिल्या कडव्यात अजिबात वाजवायचं नाही. श्रोत्यांची आधी आवाजाशी ओळख होऊ द्या.

४. उरलेल्या ५९ बारमध्ये मुलाला नुसतं उभं ठेवू नका. दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर टाळी द्यायला आणि बार मोजायला सांगा. मोजता आलं नाही तर आपली जागा चुकते.

५. माइक स्वच्छ आवाजाचा ठेवा. खरखरीत, फाटलेला आवाज शिकागोच्या ब्लूजला शोभतो, इथे नको.

पालकांसाठी दोन शब्द

८ बार म्हणजे सुमारे १९ सेकंद. "एवढंच?" असं वाटणं साहजिक आहे. पण ओटिस रेडिंग यांच्या 'द डॉक ऑफ द बे' या गाण्याच्या शेवटी एक शीळ आहे. काही सेकंदांची, तिच्यात शब्द नाहीत. तरी आज इतक्या वर्षांनी लोकांना ती आठवते. तीच शीळ गाणंभर वाजली असती तर?

मुलानं किती वेळ वाजवलं, हे मोजू नका. ते १९ सेकंद येईपर्यंत तो दुसऱ्याचं गाणं किती लक्ष देऊन ऐकत होता, हे बघा. त्याच्या आईला मी हेच सांगितलं. त्यांना तेव्हा पूर्ण पटलं नसावं, पण कार्यक्रमाला त्या आल्या. मुलीनं दोन कडवी म्हटली, एकेक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मग ती माइकपासून एक पाऊल मागे सरली आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्यानं बाजा ओठांना लावला तेव्हा सभागृहात कुणी कुजबुजतसुद्धा नव्हतं.

तुमच्या शाळेत हा प्रयोग जरूर करून बघा.