छतावरची वाफ

सौर ऊर्जा म्हटलं की आज डोळ्यांसमोर निळं-काळं पॅनेल येतं. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 मध्ये जे बसलं, ते वेगळं होतं. प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या, आरशांनी मढवलेल्या 73 तबकड्या छतावर उभ्या राहिल्या. त्या वीज तयार करत नाहीत. ऊन एका जागी गोळा करून पाणी उकळतात आणि ती वाफ थेट भटारखान्यातल्या मोठ्या भांड्यांना पुरवतात. जिथे रोज हजारो पानं उठतात, तिथे गॅसच्या जोडीला ऊन आणून बसवणं ही मोठी हिमतीची गोष्ट होती. तरीही गेल्या दीड दशकात आपल्या छतांवर पॅनेलं पसरली आणि आरसे विरळच राहिले. यावरून आरशाचं तंत्र फसलं, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो मला पटत नाही. आपण या यंत्राच्या बाबतीत दोन चुका केल्या, असं माझं म्हणणं आहे. जे काम त्याच्या प्रकृतीला मानवत नाही ते त्याच्याकडून करवून घ्यायला गेलो, आणि जे मानवतं ते त्याने किती केलं याची मोजदाद ठेवली नाही.

कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. विल्यम ॲडम्स या मुंबईतल्या इंग्रज अधिकाऱ्याने 1870च्या दशकात कुलाब्यात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून बॉयलरवर ऊन पाडलं आणि अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. उष्ण देशांनी कोळशाऐवजी उन्हाकडे वळावं, हे सांगणारं त्याचं पुस्तक 1878 मध्ये मुंबईतच छापलं गेलं. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओग्युस्तँ मूशो यांनी आरशाच्या उष्णतेवर बर्फ तयार केला. म्हणजे उन्हाने इमारत तापवायची आणि उन्हानेच ती गारही करायची, ही दोन्ही स्वप्नं दीडशे वर्षांची आहेत. पुढे कोळसा आणि तेल स्वस्त झालं आणि आरसे मागे पडले. शिर्डीतल्या तबकडीचे जनक वोल्फगांग शेफलर यांनी 1986 मध्ये केनियात आपली पहिली नीट चालणारी तबकडी उभी केली. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनवता यावी, असा तिचा आराखडा होता. भारतात ती अबू रोडच्या ब्रह्माकुमारींच्या आश्रमात, तिरुमलाच्या अन्नछत्रात आणि मग शिर्डीत पोचली. दरम्यान 2006 मध्ये लातूरच्या महानंद दुग्धालयात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक शिरीष केदारे यांच्या संशोधनातून आलेली ‘अरुण’ ही प्रचंड तबकडी दुधाच्या प्रक्रियेसाठी उष्णता पुरवू लागली.

शेफलर तबकडीची खरी करामत तिच्या चकाकीत नाही, तिच्या वाकण्यात आहे. नेहमीच्या पॅराबोला आरशाचं तोंड सूर्याकडे असतं आणि किरण जिथे एकवटतात तो बिंदू आरशाबरोबर फिरत राहतो. मग पाण्याच्या आणि वाफेच्या नळ्याही त्याच्यामागे फिरवाव्या लागतात, सांधे हलते ठेवावे लागतात आणि दाबाखालची वाफ नेमकी तिथे दगा देते. शेफलर यांनी पूर्ण आरसा घेतलाच नाही. मोठ्या परातीच्या कडेचा एक तुकडा कापून घ्यावा, तसा पॅराबोलाच्या बाजूचा भाग त्यांनी उचलला आणि तो पृथ्वीच्या आसाला समांतर अशा दांड्यावर बसवला. शिर्डी सुमारे 20 अक्षांशावर आहे, म्हणून तिथे हा दांडा उत्तरेकडे साधारण 20 अंश उचललेला असतो. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. तबकडी तेवढ्याच गतीने उलट दिशेला फिरते. किरण एकवटण्याचा बिंदू याच दांड्याच्या रेषेवर असल्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो जागचा हलत नाही. मात्र सूर्य ऋतूंबरोबर उत्तर-दक्षिण असा दोन्हीकडे साडेतेवीस अंश सरकतो. तेवढ्यासाठी तबकडी नुसती कलती करून भागत नाही, कारण आकार तोच राहिला तर प्रकाशाचा ठिपका विस्कटतो. म्हणून तिची पोलादी चौकट लवचिक ठेवलेली असते. वरचं आणि खालचं टोक ओढून किंवा सैल सोडून तिची वक्रता बदलतात, आणि डिसेंबरचा आरसा जूनमध्ये वेगळ्याच पॅराबोलाचा तुकडा होतो. इतकी सूक्ष्म भूमिती साध्या चौकटीत आणि नट-बोल्टांत उतरवणारी यंत्रं फार थोडी आहेत.

बिंदू स्थिर असल्याने पुढची सगळी रचना सोपी होते. तबकड्या जोडीने समोरासमोर लावतात. मधोमध, किरण एकवटतात तिथे, पाणी भरलेले रिसीव्हर आणि त्यांच्यावर आडवा हेडर पाइप असतो. पाइपाच्या खालच्या निम्म्यात पाणी आणि वरच्या निम्म्यात वाफ. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं, त्यासाठी पंप लागत नाही. या साधेपणाची किंमत मात्र माणसाच्या लक्षातून चुकवावी लागते. आरसे पुसायचे, दोरखंड आणि साखळ्या तपासायच्या, प्रकाशाचा ठिपका रिसीव्हरच्या मधोमध पडतो का हे पाहायचं, आणि दर काही दिवसांनी ऋतूनुसार वक्रता जुळवायची, हे छतावरच्या ऑपरेटरचं काम. त्याच्यावाचून ही तबकडी चालत नाही, आणि या तंत्राचं भवितव्य ठरवताना ही बाब कार्यक्षमतेच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

आता आकडे पाहू. शिर्डीची यंत्रणा सुरू झाली तेव्हा वर्षाला 1 लाख किलो गॅस वाचेल, असं जाहीर झालं होतं. एक किलो एलपीजीत सुमारे 12.8 युनिट उष्णता असते आणि बॉयलरमधून त्यातली पाऊण कामी येते असं धरलं, तर हा दावा म्हणजे वर्षाला 9 लाख 60 हजार युनिट वाफ. तबकड्यांचं क्षेत्रफळ 1168 चौरस मीटर. आरसा तिरपा बसत असल्याने त्याच्या क्षेत्रफळाच्या पाऊणपटच ऊन तो झेलतो. चौरस मीटरला 700 वॅट थेट ऊन आणि त्यातलं निम्मं वाफेत उतरलं असं मानलं, तर क्षमता जेमतेम 300 किलोवॅट भरते. त्या क्षमतेने 9 लाख 60 हजार युनिट मिळवायला वर्षातून 3200 तास कडक ऊन हवं, आणि चार महिने पावसाळा असलेल्या प्रदेशात ते मिळणं अवघड. 270 दिवस रोज सात तास हे मला अधिक वास्तव वाटतं. त्या हिशेबाने बचत साधारण 59 हजार किलो, म्हणजे 19 किलोचे तीन हजारांवर व्यावसायिक सिलिंडर. जाहीर आकड्यापेक्षा ती बरीच कमी आहे, पण एका छतासाठी क्षुल्लक मुळीच नाही. यंत्राची बाजू मांडायला फुगवलेला आकडा लागत नाही.

गारव्याकडे वळलं की चित्र बदलतं. गुजरातमध्ये वडोदऱ्याजवळ गोरज इथल्या मुनि सेवा आश्रमाने 100 शेफलर तबकड्यांच्या वाफेवर 100 टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा रुग्णालयासाठी उभारली. वाफेने गारवा आणणारं यंत्र मोठं हुशार असतं. त्यातल्या निर्वात पात्रात हवेचा दाब इतका कमी असतो की पाणी पाच अंशांच्या आसपासच उकळतं आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषतं. ती वाफ लिथियम ब्रोमाइडचं द्रावण पिऊन घेतं आणि उष्णता देऊन ते द्रावण पुन्हा कोरडं करता येतं. 80-90 अंशांच्या उष्णतेवर चालणाऱ्या एकेरी यंत्रात एक भाग उष्णतेला 0.7 भाग गारवा मिळतो. तीच उष्णता दोन टप्प्यांत वापरणाऱ्या दुहेरी यंत्राला दीडशे अंशांच्या वर तापमान लागतं, पण ते 1.2 भाग देतं. गच्चीवरच्या साध्या बंबाऐवजी आरसा लागतो तो यासाठी. ऊन जेव्हा कडक तेव्हाच गारव्याची गरज मोठी, हा युक्तिवादही मोहवणारा आहे.

तरी हिशेब आरशाच्या विरुद्ध जातो. 100 वॅट थेट उन्हातून आरसा 50 वॅट वाफ देतो आणि दुहेरी यंत्र त्याचा 60 वॅट गारवा करतं. पॅनेल 100 वॅट उन्हातून 20 वॅट वीज देतं आणि चांगला विजेचा चिलर तिच्या चार-पाचपट, म्हणजे 80 ते 100 वॅट गारवा. शिवाय ढगांतून आणि धुरळ्यातून विखुरलेला प्रकाशही पॅनेल वापरतं. आरशाला मात्र सरळ रेषेत येणारे किरणच लागतात, म्हणून मुंबई-कोकणातल्या पावसाळी उकाड्यात तो निकामी ठरतो. पाण्याचाही प्रश्न आहे. 100 भाग गारव्यामागे दुहेरी यंत्राला कूलिंग टॉवरमधून सुमारे 180 भाग उष्णता बाहेर टाकावी लागते, विजेच्या चिलरला 120 ते 125. तेवढं जास्त पाणी उडून जातं, आणि मराठवाड्यात ते परवडणारं नाही. पुण्याच्या थरमॅक्सने गुरुग्रामजवळच्या सौर ऊर्जा केंद्रात तिहेरी टप्प्याचं यंत्र उभारून हे अंतर कमी करता येतं हे दाखवलं. पण तेवढ्यात पॅनेलं इतकी स्वस्त झाली की शर्यतच बदलली. म्हणून निव्वळ वातानुकूलनासाठी छतावर आरसे लावू नयेत, असं मला वाटतं. वाफेसाठी ते आधीच असतील आणि दुपारी वाफ उरत असेल, तर गारवा हे त्यांचं जोडकाम ठरू शकतं.

यावर कोणी म्हणेल, मग वाफही पॅनेलच्या विजेवरच का करू नये? 20 वॅट विजेतून 20 वॅटच्या आतच वाफ मिळते. आरसा 50 देतो. तिरपेपणा आणि तबकड्यांमधली मोकळी जागा धरली की ही आघाडी बरीच घटते, हे मान्य. कमी तापमानाला हीट पंपही आरशाला गाठतो: दूध पाश्चराइज करायला 72 अंश पुरतात. पण रुग्णालयातलं ऑटोक्लेव्ह 121 ते 134 अंशांवर चालतं, धुलाईला आणि मोठ्या स्वयंपाकघरांना वाफच लागते. 120 ते 180 अंशांच्या या पट्ट्यात आरसा अजून आपल्या पायावर उभा आहे. पट्टा अरुंद आहे, पण अन्नछत्रं, वसतिगृहं आणि रुग्णालयं आपल्याकडे थोडी नाहीत.

खरी अडचण पुढे आहे. धूळ बसलेला आरसा, बिघडलेला घड्याळी गतीचा मोटर-गिअर, ऋतूनुसार न जुळवलेली वक्रता, यांपैकी काहीही झालं तरी इमारतीतल्या माणसाला कळत नाही, कारण गॅसवरचा बॉयलर ती कसर गुपचूप भरून काढतो. पॅनेलला निदान मीटर असतो. आरशाच्या बाबतीत सरकारनेही मीटर पाहिला नाही. शिर्डीच्या सुमारे 1 कोटी 33 लाखांच्या प्रकल्पाला केंद्राने 58 लाख 40 हजारांचं अनुदान दिलं. त्याला 1168 ने भागा. उत्तर नेमकं 5000 रुपये येतं. अनुदान चौरस मीटरला होतं, वाफेला नव्हतं. असं अनुदान आरसा उभा राहण्यापुरतं प्रोत्साहन देतं. तो पाचव्या वर्षी पुसला जातो का, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. स्वयंपाक, औद्योगिक उष्णता आणि इमारतींचं तापवणं-गारवणं यांसाठीची केंद्राची योजना 2020 च्या मार्चपर्यंत चालली. तिच्या यशाचं मापही प्रामुख्याने किती चौरस मीटर बसले हेच राहिलं.

देखभाल इतकी लागते तर हे यंत्रच टाकाऊ, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. बॉयलरला परवानाधारक माणूस लागतो, लिफ्टला दुरुस्तीचा करार लागतो, आणि त्यासाठी कोणी त्यांना टाकाऊ म्हणत नाही. तो खर्च आपण आधीच धरलेला असतो. आरशाच्या बाबतीत ऊन फुकट म्हणून माणूसही फुकट धरला गेला. उपाय अवघड नाही. हेडरवर वाफेचा मीटर बसवावा, अनुदानाचा मोठा हिस्सा पहिली पाच वर्षं मोजलेल्या वाफेवर हप्त्यांनी द्यावा, आणि ऑपरेटरचा पगार प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून लिहावा. मग पुरवठादारालाही तबकडी पुसून ठेवण्यात रस राहील आणि जाहीर आकडेही आपोआप जमिनीवर येतील. असं केल्यावरही काही ठिकाणी आरसा हरेल, तिथे त्याने खुशाल बाजूला व्हावं. पण मोजल्याशिवाय त्याला हरलेला ठरवणं अन्यायाचं आहे, आणि आयात गॅसवर अन्न शिजवणाऱ्या देशाला ते परवडणारंही नाही.