फ्लॅश गेले, अक्षरांचे काय?

माझ्या संग्रहात दोन जुन्या फायली आहेत. पहिली म्हणजे २००४ च्या दिवाळीत परदेशातल्या मावसभावाने पाठवलेले शुभेच्छापत्र. त्यात पणती पेटते, भुईनळा उडतो आणि मराठी मजकुराच्या चार ओळी उमटतात. दुसरी म्हणजे त्याच सुमारास एका मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवलेली कर्वेनगरातल्या रस्त्यांविषयीची बातमी. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमामुळे ओळखले जाणारे हिंगणे शहराचा भाग कसे झाले, याच्या नोंदी मी अनेक वर्षे जमवतो आहे. ही बातमी त्यांतलीच. गेल्या वर्षी दोन्ही फायली मोबाइलवर उघडल्या. पहिलीच्या जागी कोरी चौकट दिसली, दुसरीत रोमन अक्षरांची खिचडी. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण असे का झाले, याचा शोध घेताना जे कळले ते मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे.

आधी पहिली फाईल. संकेतस्थळे दाखवणाऱ्या ब्राउझरला जे काम मुळात येत नाही, ते करण्यासाठी बाहेरून जोडलेला मदतनीस म्हणजे प्लगइन. फ्लॅश हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. १९९६ मध्ये तो मॅक्रोमीडियाकडे आला आणि २००५ मध्ये ती कंपनी अडोबीने घेतली. हलती चित्रे, खेळ, चित्रफिती यांसाठी एके काळी फ्लॅशला पर्याय नव्हता.

मोबाइलवर मात्र त्याचे बस्तान बसले नाही. २००७ च्या आयफोनमध्ये फ्लॅश नव्हतेच. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणे दिली: बॅटरी लवकर संपते, सुरक्षेत त्रुटी आहेत, आणि फ्लॅशची रचना माउससाठी आहे, बोटासाठी नाही. माउसचा बाण एखाद्या चित्रावर नुसता नेला तरी तिथे यादी उघडते. बोट मात्र एकतर पडद्याला टेकते किंवा टेकत नाही. अँड्रॉइडवर २०१० मध्ये फ्लॅश आले, पण नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने मोबाइल ब्राउझरसाठीचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. १५ ऑगस्ट २०१२ पासून ते गूगल प्लेवरून नव्याने घेता येईनासे झाले. संगणकावरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशने स्वतःच मजकूर दाखवणे बंद केले. तोवर चित्रफिती आणि हलती चित्रे दाखवण्याचे काम ब्राउझर स्वतःच करू लागले होते.

यात मराठीचा संबंध कुठे येतो? विंडोज ९८ च्या काळात घरोघरच्या संगणकांना देवनागरी येत नव्हती. फ्लॅशमध्ये अक्षरांचे आकार फाईलमध्येच बांधून पाठवता येत. त्यामुळे पुण्यात केलेले पत्र शिकागोतही तसेच दिसे. ही मोठीच सोय होती. पण ते पत्र दाखवणारा प्लगइन गेला आणि पत्रही गेले.

दुसऱ्या फाईलची गोष्ट वेगळी. तेव्हाची मराठी दैनिके स्वतःचे टंक, म्हणजे फाँट, वापरत. वाचक पान उघडी तेव्हा टंकही आपोआप उतरत असे आणि ही सोय मुख्यतः इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. फाईलमध्ये मात्र मराठी नसेच. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ या टंकात ‘मराठी’ हा शब्द ‘ई, जे, के, मोठा बी, एच’ या रोमन अक्षरांनी साठवला जातो. टंक हा त्यावर चढवलेला मुखवटा. पुढे संकेतस्थळ बदलले, टंक काढला गेला, आणि मुखवट्याखालचा रोमन चेहरा उघडा पडला.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘दिवाळी’ लिहिताना आधी ‘द’ साठवला जातो, मग ऱ्हस्व वेलांटी. जसा उच्चार तसा क्रम. जुन्या टंकांत दिसण्याच्या क्रमाने आधी वेलांटी येई. त्यामुळे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसती अक्षरे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो.

आता उपाय. शुभेच्छापत्र ‘रफल’ या मुक्त प्रणालीत उघडले आणि पणती पुन्हा पेटली. इंटरनेट आर्काइव्हनेही २०२० पासून याच प्रणालीने जुन्या फ्लॅश फायली चालवायला सुरुवात केली. पण त्या चार ओळींचे अक्षर कुठे शोधता येत नाही, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ते चित्रच आहे. बातमीचे उलटे झाले. त्या काळातल्या एका संगणकावर तो टंक सापडला, कोणत्या रोमन अक्षरामागे कोणते मराठी अक्षर आहे याचा तक्ता मी चार संध्याकाळी बसून केला आणि बातमी युनिकोडमध्ये आणली. आता त्यातला ‘हिंगणे’ हा शब्द शोधला की सापडतो.

घरात जुनी सीडी, हार्डडिस्क असेल तर ती या दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. फ्लॅशच्या फायली जशाच्या तशा जपा. जुन्या टंकातला मजकूर असेल तर टंकाची फाईल त्याच्या शेजारी ठेवा, रूपांतर करून घ्या आणि रूपांतरानंतरही मूळ फाईल पुसू नका, कारण रूपांतरात जोडाक्षरे चुकतात. आणि एक छापील प्रत काढून ठेवा. कागदाला प्लगइन लागत नाही.