मीटरला मुदत, श्वासाला नाही

नागपूरहून मानकापूरमार्गे सावनेरच्या रस्त्याला लागलं की शहर पुरतं मागे पडायच्या आत कोराडीच्या चिमण्या दिसू लागतात. 1974 साली तेव्हाच्या राज्य वीज मंडळाने इथे पहिला संच सुरू केला. त्या काळातले बरेच संच आता मोडीत निघाले. त्यांच्या जागी 2015 ते 2017 या काळात महानिर्मितीचे 660 मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. जवळच खापरखेड्याचं 1340 मेगावॅटचं केंद्र आहे. एका बाजूला जगदंबेचं देऊळ आणि नवरात्रातली गर्दी, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या वाघिणी आणि राखडीचे बंधारे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा परिसर राज्याला उजेड पुरवतो आहे.

सरकारने नागरिकांना कोणत्या मूलभूत गरजांची हमी द्यावी, हा प्रश्न परिसंवादात नेहमी विचारला जातो. तो कोराडीत विचारला की त्याला वेगळंच वजन येतं. अन्न, वस्त्र, निवारा ही त्रयी आपण शाळेतच पाठ केली. तिच्यात पाणी नाही आणि हवाही नाही. या दोन गोष्टी कुणी द्यायच्या नसतात, त्या असतातच, असं आपण धरून चाललो. कोराडीजवळच्या खसाळा, सुरादेवी, कवठा या गावांना आज तसं धरून चालता येत नाही.

हमी कशाला म्हणायचं, हे आधी पक्कं करायला हवं. माझ्या मते तिला चार खुंट लागतात: मागायचा हक्क, द्यायची मुदत, न दिल्यास भरपाई आणि त्यासाठी बाजूला काढलेला पैसा. यातला एक जरी निखळला तरी उरते ती योजना. योजना वाईट असते असं नाही. पण ती शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयानेच तिचे निकष बदलतात. 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये अनेक घरांत खरोखर कामाला आले, हे मान्य करायलाच हवं. मात्र उद्या ते थांबले तर त्या बहिणीने कुठल्या कायद्यावर बोट ठेवायचं?

चारही खुंट रोवलेली हमी महाराष्ट्रानेच देशाला दाखवली. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा छोटा प्रयोग करून पाहिला. 1972च्या दुष्काळात तो विचार राज्यभर गेला, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मजुराने मागायचं, सरकारने 15 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. पैसा कुठून आणायचा, याचंही उत्तर 1975च्या व्यवसाय कराच्या कायद्यात तयार होतं. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं आणि सरकारने त्यात भर घालायची. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे. पन्नास वर्षांपूर्वी शहराने खेड्याशी केलेला तो करार होता, आणि महाराष्ट्राच्या राजकारणाने केलेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींत मी त्याची गणना करतो. पुढे 2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी वर्षाला 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला.

त्या हमीचे वांधेही सगळ्यांना ठाऊक आहेत. मजुरी महिनोन्‌महिने रखडायची, हजेरीपटात घोळ व्हायचे, बेकारी भत्ता तर क्वचितच कुणाच्या हातात पडला. तरीही मोठ्या संख्येने बायका रोजगार हमीच्या कामावर आल्या, कारण काम मागायला कुणाची ओळख लागत नव्हती. तहसीलवर मोर्चा नेता येत होता, कारण मागणीला कायद्याचा आधार होता.

धान्याच्या बाबतीत 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने बऱ्यापैकी हमी दिली: प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो, आणि धान्य न मिळाल्यास भत्त्याची तरतूद. शिक्षणाचा हक्क 1 एप्रिल 2010 पासून कायद्याने मिळाला. त्याच्याही फार आधी, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मांडलं होतं आणि 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलंही होतं. आरोग्याचं गाडं मात्र योजनेपाशीच अडलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड शस्त्रक्रियेच्या वेळी उपयोगी पडतं, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल तर त्याबद्दल कुणी भरपाई देत नाही. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने तो का करू नये, याचं पटणारं कारण मला सापडत नाही.

निवाऱ्याचं दुखणं जुनं आहे. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि तरी झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. तत्त्व मिळालं, छप्पर मिळालं नाही.

आता विजेकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा वीजही त्यांच्या अखत्यारीत होती. 1943 मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट गरिबी हटवण्याशी जोडला. पुढे 1947च्या आपल्या निवेदनात त्यांनी आर्थिक रचनाच संविधानात लिहून ठेवा, असा आग्रह धरला. तसं झालं नाही. पोषण, आरोग्य, काम या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत गेल्या आणि कलम 37 सांगतं की ती तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. आजची सगळी ओढाताण तिथून सुरू होते.

विजेने मात्र मागच्या दाराने का होईना, हमीचा दर्जा मिळवला. 2003च्या विद्युत कायद्याच्या कलम 43 नुसार रीतसर अर्ज केल्यावर महिन्याभरात जोडणी द्यावीच लागते, नाहीतर दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2024च्या ग्राहक नियमांनी ही मुदत खेड्यांसाठी 15 दिवसांवर आणली. बिल थकलं तरी 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाईन कापता येत नाही. याचा अर्थ असा, की खसाळ्यातल्या माणसाला मीटरसाठी मुदत आहे, दंड आहे, दाद मागायला मंच आहे. मीटरमधून येणारी वीज तयार करताना त्याच्या अंगणात पडणाऱ्या राखेबद्दल यातलं काहीच नाही.

राखडीचं काम कसं चालतं ते बघा. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं असतं. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. काही सिमेंटच्या आणि विटांच्या कारखान्यांत जाते. उरलेली पाण्यात कालवून नळांवाटे बंधाऱ्यात सोडतात. तिथे राख खाली बसते आणि वरचं पाणी निथळतं. पावसाळ्यात बंधारा भरतो, उन्हाळ्यात वरचा थर सुकतो. मग वैशाखात वावधन सुटलं की ती बारीक पूड घराघरांत शिरते. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया-सरगुंड्यांवर, पाण्याच्या गुंडावरच्या झाकणावर, झाडांच्या पानांवर करडा थर बसतो. पानावर थर बसला की झाडाला ऊन पुरेसं मिळत नाही, हे सांगायला कृषी विद्यापीठाची गरज नाही.

जुलै 2022 मध्ये मुसळधार पावसात खसाळ्याचा बंधारा फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत आणि तिथून कन्हान नदीपर्यंत गेलं. कन्हानच्या पाण्यावर नागपूरचा मोठा भाग जगतो, म्हणजे हे दुखणं एका खेड्याचं राहिलं नाही. नुकसानीचे पंचनामे झाले, पाहण्या झाल्या. बंधारा फुटल्यावर किती तासांत टँकर यावा, किती दिवसांत विहीर तपासून द्यावी, पिकाचे पैसे किती आठवड्यांत खात्यावर पडावेत, याबद्दल गावकऱ्याला बोट ठेवता येईल असा साधा नियम नव्हता.

स्वच्छ पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात मुदती कशा सरकतात ते विजेच्या केंद्रांवरूनच दिसतं. गंधकाचा धूर रोखण्याचे कडक निकष डिसेंबर 2015 मध्ये आले, दोन वर्षांत पाळायचे होते. मुदत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक शोषणारी यंत्रणा बसवण्यातून मोकळीकच मिळाली. ग्राहकाने बिलाची मुदत अशी दहा वर्षं लांबवली असती तर?

कोराडीत चांगलंही घडलं आहे आणि ते सांगायला हवं. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी इथल्या संचांसाठी वापरलं जातं. दिवसाला 130 दशलक्ष लिटरचा तो प्रकल्प आहे. तेवढं पेंचचं पाणी माणसांसाठी मोकळं राहतं. जलजीवन मिशनने 2019 पासून माणशी रोज 55 लिटर हे उद्दिष्ट ठेवलं, तेही योग्यच. मात्र नळ कोरडा राहिला तर 55 लिटरचा हिशेब कुणाकडे मागायचा, हे तिथेही लिहिलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेने संविधानाच्या कलम 27 मध्ये अन्न, पाणी, आरोग्य हे हक्क म्हणूनच लिहिले, आणि कुटुंबाला महिन्याला 6000 लिटर पाणी आणि गरीब घराला 50 युनिट वीज मोफत देण्याचं धोरण ठेवलं. तिथेही नगरपालिका कमी पडतात. पण लोक आकडा धरून भांडू शकतात.

यादी लांबवत नेली की हमी पातळ होते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून माझी यादी आखूड आहे: धान्य, पाणी, हवा, प्राथमिक उपचार, शाळा, मागेल त्याला काम आणि घरात दिवा. बाकी गोष्टी योजनांमधून येऊ द्या, त्यांत कमी-जास्त होऊ द्या. या सातांना मात्र मुदत आणि भरपाई हवी. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखला वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहेच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जे जमतं ते विहिरीच्या पाण्यासाठी का जमू नये?

मे 2023 मध्ये कोराडीत आणखी 660 मेगावॅटच्या दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. कुणी नोकऱ्यांसाठी बाजूने बोललं, कुणी धुरामुळे विरोधात. गावातल्या पोरांना काम हवं आणि गावातल्या म्हाताऱ्यांना श्वास हवा, या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध उभ्या कराव्या लागतात, हेच मला जास्त सलतं.

पैशाचं उत्तर पाग्यांच्या पद्धतीने शोधता येईल. एकूण 1980 मेगावॅटचे तीन संच वर्षभर 70 टक्के भाराने चालले तर सुमारे 1214 कोटी युनिट वीज तयार होते. युनिटमागे एक पैसा बाजूला काढला तर वर्षाला 12 कोटी रुपयांहून अधिक जमतात. एवढ्यात राखडीलगतच्या प्रत्येक गावात दरमहा विहिरींची तपासणी होईल, हवेचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील, पाणी बिघडल्यास 24 तासांत टँकर येईल, महिन्यातून दोनदा छातीचे डॉक्टर बसतील आणि पिकाची भरपाई 30 दिवसांत देता येईल. महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या मुंबई-पुण्याच्या घराला त्यासाठी जास्तीचे 2 रुपये पडतील.