वकिलांची सनद वकिलांच्याच हाती

दिल्लीतील लोधी कॉलनीत १० जानेवारी १९९९ च्या पहाटे भरधाव बीएमडब्ल्यू मोटारीखाली सहा जण चिरडले गेले. त्यांत तीन पोलिस होते. माजी नौदलप्रमुखांच्या नातवावर खटला भरला गेला, तो वर्षानुवर्षे रेंगाळला, साक्षीदार फिरले. पुढे ३० मे २००७ रोजी एनडीटीव्ही वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्रीकरण दाखविले आणि देश अवाक् झाला. आरोपीचे ज्येष्ठ वकील आर. के. आनंद आणि खुद्द सरकार पक्षाचे विशेष वकील आय. यू. खान, असे परस्परांविरुद्ध उभे असलेले दोघेही एकाच महत्त्वाच्या साक्षीदाराच्या संपर्कात असल्याचे त्यात दिसत होते.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये दोघांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले. शिक्षा काय? चार महिने न्यायालयात उभे राहण्यास मनाई आणि दोन हजार रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २००९ रोजी आनंद यांचा दोष कायम ठेवला व ही शिक्षा अपुरी असल्याचे म्हटले. खान यांची अवमानाच्या आरोपातून सुटका झाली. मात्र त्यांचे वर्तन वकिलाला न शोभणारे असल्याचा ठपका राहिलाच. अखेर २०१२ मध्ये आनंद यांनी वर्षभर केवळ विनामूल्य कायदेविषयक मदतीचे काम करावे आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला २१ लाख रुपये द्यावेत, हा त्यांनीच पुढे केलेला प्रस्ताव न्यायालयाने मान्य केला आणि प्रकरणावर पडदा पडला.

यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा प्रकार उघड केला वृत्तवाहिनीने आणि कारवाई केली न्यायालयाने, तीही अवमानाच्या कायद्याखाली. वकिलांच्या वर्तनावर लक्ष ठेवण्यासाठी कायद्याने जी यंत्रणा उभी केली आहे, ती या कथेत जवळजवळ दिसतच नाही. व्यवसायाच्या घसरणीची जबाबदारी बार कौन्सिलना टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला २००९ च्या निकालात बजावावे लागले ते त्यामुळेच.

न्यायालयानेच सनद काढून घेतली तर? तसे करता येत नाही. अवमानाची शिक्षा म्हणून आपणही वकिलाची सनद निलंबित करू शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने १९९८ मध्ये दिला आहे. न्यायालय आपल्यापुढे उभे राहण्यास मनाई करू शकते. सनदेला हात लावण्याचा अधिकार १९६१ च्या वकील कायद्याने बार कौन्सिलकडे सोपविला आहे.

मतदारांचीच चौकशी

ही व्यवस्था सामान्य पक्षकाराला क्वचितच ठाऊक असते. प्रत्येक राज्याच्या (महाराष्ट्र आणि गोव्याच्या बाबतीत दोन्हींच्या मिळून) बार कौन्सिलवरील सदस्य वकीलच आपल्यामधून निवडून देतात. वकिलाविरुद्ध तक्रार आली की कौन्सिल प्रथम तिच्यात तथ्य आहे का ते पाहते आणि मग ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे पाठविते. समितीतील दोघे कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य असतात. तिसरा बाहेरून घेतात, पण तोही वकीलच. म्हणजे ज्याची चौकशी करायची, तोच पुढच्या निवडणुकीतला मतदार. त्याचे जिल्ह्यातले सहकारीही मतदार. तक्रारदार पक्षकाराला मात्र मत नाही. कुंपणच शेत खात असेल तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न येथे शब्दशः लागू पडतो.

याचा परिणाम किती जुना आहे, ते मुंबईतील एका प्रकरणावरून दिसते. दंडाधिकारी न्यायालयांच्या दाराशी उभे राहून काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः तुटून पडतात, कागदपत्रांची हिसकाहिसकी करतात, एकमेकांचे दर पाडतात, अशी तक्रार उच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलकडे १९६४ मध्ये केली. समितीचा निर्णय आला १९७३ मध्ये. तिने तीन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा दिली खरी. परंतु बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियमाचा अत्यंत संकुचित अर्थ लावून साऱ्यांना मोकळे केले. तो अर्थ १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. वकिली हा बाजार नव्हे, असे न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांना तेव्हा निकालपत्रात सांगावे लागले. ज्या प्रकाराला साऱ्या न्यायालयाच्या आवारातील माणसे साक्षी होती, त्याच्या निवाड्यास अकरा वर्षे लागली.

न्यायालयाच्या आवारातील दलाल त्यानंतरही हटलेले नाहीत. वकील कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती करून दलालांची यादी प्रसिद्ध करण्याची तरतूद करण्यात आली. यादीत नाव असूनही दलाली केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एका पक्षकारामागे मिळणाऱ्या दलालीपुढे ५०० रुपये म्हणजे काय, हे सांगायला नको.

मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे हे या दलालीचे विशेष कुरण. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाखवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळले जात असल्याचे दिसताच अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे राज्य बार कौन्सिलच्या अनास्थेवर ताशेरे ओढले गेल्यानंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने २८ वकिलांना निलंबित केले. न्यायालयाचा बडगा उगारला गेल्याशिवाय हालचाल नाही, हाच अनुभव पुन्हा आला.

सारेच वकील असे आहेत, असे कोणीही म्हणणार नाही. फी न घेता गरिबांचे खटले चालविणारे वकील प्रत्येक तालुक्यात सापडतात. प्रश्न आहे तो व्यवसायाच्या हिताचा आणि पक्षकाराच्या हिताचा झगडा झाला की संघटित वकीलवर्ग कोणाच्या बाजूने उभा राहतो, हा. संपांचे उदाहरण बोलके आहे. वकिलांना संप करण्याचा अधिकार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हरिश उप्पल खटल्यात दिला. तरीही २०१२ ते २०१६ या काळात डेहराडूनमध्ये ४५५ दिवस, तर हरिद्वारमध्ये ५१५ दिवस वकील कामापासून दूर राहिल्याची नोंद विधी आयोगाच्या २६६ व्या अहवालात आहे. कारणे तर थक्क करणारी. पाकिस्तानातील शाळेत झालेला बॉम्बस्फोट, नेपाळमधील भूकंप, श्रीलंकेच्या राज्यघटनेतील दुरुस्ती, इतकेच काय, कविसंमेलनही! खेड्यातून एसटीचे भाडे खर्चून तारखेला आलेल्या माणसाला या साऱ्याशी काय देणेघेणे?

मार्च २०१७ मधील या अहवालात आयोगाने बार कौन्सिलवर वकिली क्षेत्राबाहेरील मान्यवरही नेमले जावेत, असे सुचविले होते. त्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे उत्तर काय होते? ३१ मार्च २०१७ रोजी देशभर कामकाजावर बहिष्कार. संपांवर टीका करणाऱ्या अहवालाचा निषेध संपाने!

ग्राहक न्यायालयाचे दारही बंद

मग पक्षकाराने ग्राहक न्यायालयात का जाऊ नये? एका पक्षकाराने तसे केले होते. धनादेश न वटल्याच्या प्रकरणात प्रतिपक्षाने दिलेली रक्कम वकिलाने आपल्याकडेच अडकवून ठेवली आणि रोख पैसे मागितले, अशी त्याची तक्रार होती. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये ठरविले. त्याविरुद्ध वकिलांच्या संघटना आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १४ मे २०२४ रोजी हा निर्णय रद्द झाला. वकील पक्षकाराच्या सूचनेनुसार वागतो, त्याच्यावर पक्षकाराचे नियंत्रण असते, हे न्यायालयाने दिलेले एक प्रमुख कारण. न्यायालयाच्या जिन्यात वकिलाची वाट पाहत तासन् तास बसलेल्या पक्षकाराला हे नियंत्रण कितपत जाणवते, हा भाग निराळा.

केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०२५ रोजी वकील कायद्यातील नव्या दुरुस्त्यांचा मसुदा जाहीर केला. संपावर बंदी आणि बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारनियुक्त सदस्य, अशा तरतुदी त्यात होत्या. देशभर निदर्शने झाली आणि अवघ्या नऊ दिवसांत मसुदा मागे घेण्यात आला. सरकारनियुक्त सदस्यांना असलेला विरोध गैर म्हणता येणार नाही. सरकारविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारच्या मर्जीवर राहिली, तर नागरिकालाच त्याची किंमत मोजावी लागेल. परंतु निवृत्त न्यायाधीश आणि सर्वसामान्य नागरिक यांचा समावेश असलेली स्वतंत्र चौकशी समिती, हा मार्ग सरकारच्या दारातून जात नाही. त्यासाठी रस्त्यावर उतरलेले वकील मात्र दिसले नाहीत.

तूर्त पक्षकाराच्या हाती जे आहे ते थोडे, पण अगदीच नगण्य नाही. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे (त्या प्रकरणातील वकिलाची अठरा महिन्यांच्या निलंबनाची शिक्षा शेवटी केवळ समज देण्यावर आली, हेही खरे). खटल्यातील मिळकतीत वा भरपाईत टक्केवारीने हिस्सा मागणे नियमबाह्य आहे. राज्य बार कौन्सिलने तक्रार एका वर्षात निकाली काढली नाही, तर कायद्यानुसार ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. राज्य कौन्सिलांनी ही मुदत कसोशीने पाळावी आणि वर्ग झालेल्या तक्रारींचाही वर्षभरात निकाल लागावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले. चौकशीसाठी निवृत्त न्यायिक अधिकाऱ्यांची मदत घेण्याचेही सुचविले. राज्य समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास पुढील ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी अर्थात पुन्हा वकील गाठावा लागतो.