होडीवरची बेलगाम वीज

कोकणातल्या लहान फायबरच्या होड्यांवर ‘मशीन’ म्हणजे मागच्या फळीला लटकवलेले आउटबोर्ड इंजिन. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने 1909 साली ते बाजारात आणले, तेव्हा त्याच्याकडून एकच अपेक्षा होती: होडी ढकलणे. पुढे चक्राखाली एक छोटी तारेची कॉइल बसवून त्यातून दिव्यापुरती वीज घेण्याची सोय झाली. आजही तिला लाइटिंग कॉइलच म्हणतात. दिवा मोठा सोशिक असतो. वीज थोडी कमी-जास्त झाली तरी तो मिणमिणतो किंवा जास्त भडकतो, एवढेच. आता त्याच तारेवर जीपीएस, मासे दाखवणारा फिशफाइंडर आणि व्हीएचएफ वायरलेस येऊन बसले आहेत, आणि ते दिव्याइतके सोशिक नाहीत.

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे हे यंत्र संकटात किनाऱ्याकडे संदेश धाडते. म्हणजे होडीवरची वीज आता सोयीपुरती उरली नाही, ती जिवाशी जोडली गेली आहे. म्हणून ती कशी तयार होते आणि कुठे बेलगाम होते, हे नीट पाहायला हवे.

इंजिनाच्या चक्राच्या आतल्या कडेला कायमची चुंबके चिकटवलेली असतात. ती कॉइलसमोरून फिरली की तारेत उलटसुलट वाहणारी वीज उपजते. चुंबकांच्या सहा जोड्या असल्या आणि चक्र मिनिटाला 5000 फेरे घेत असले, तर ही वीज सेकंदाला 500 वेळा आवर्तन घेते. घरातल्या विजेचे हेच माप 50 आहे. चार डायोडांचा रेक्टिफायर तिला एका दिशेने वळवतो. पण दिशा देणे वेगळे आणि आवर घालणे वेगळे. आवर घालणारा रेग्युलेटर असतो, आणि दोरी ओढून चालू होणाऱ्या अनेक लहान इंजिनांवर तो नसतोच.

मग आवर कोण घालतो? बॅटरी. आणि खरी गोम इथे आहे. दोरीने चालू होणाऱ्या इंजिनाला बॅटरीची गरज नसते, त्यामुळे होडीवर ती दुय्यम वस्तू समजली जाते. जुनी झाली तरी चालवून घेतात, कधी घरी नेऊन ठेवतात आणि तारा थेट जोडून काम भागवतात. प्रत्यक्षात त्या होडीवरचा एकमेव रेग्युलेटर तीच असते. 60 वॅटची कॉइल साधारण पाच अँपिअर देते. बॅटरी रिकामी असेल तोवर ती हा प्रवाह गिळते आणि व्होल्टेज 13-14 च्या आसपास राहते. ती भरली की गिळायला जागा उरत नाही. साधारण 14.4 व्होल्टच्या वर तिच्यातल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागते. मशीन तसेच जोरात चालू राहिले, तर व्होल्टेज 15-16 कडे सरकते. पाणी घालता येणारी बॅटरी हा जाच काही काळ सोसते. सीलबंद बॅटरी सोसत नाही, कारण गेलेले पाणी तिच्यात परत घालता येत नाही.

बॅटरी मधूनच सुटली तर चित्र आणखी वाईट. भार नसलेल्या कॉइलचे व्होल्टेज वेगाबरोबर वाढत जाऊन पन्नासच्याही वर जाऊ शकते. आणि ‘सुटणे’ म्हणजे कुणी तार उपटलीच पाहिजे असे नाही. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवी बुरशी धरली की बॅटरी जागेवर असूनही असून नसल्यासारखी होते.

यावर फ्यूज हा उपाय सर्रास सांगितला जातो. फ्यूज प्रवाह पाहतो, व्होल्टेज पाहत नाही. तो वायर जळू देत नाही, हे खरे. पण 40 व्होल्टचा धक्का आला, तर आतली चिप आधी मरते आणि फ्यूज शाबूत राहतो. मल्टिमीटरही इथे फसवतो. लाटांसारख्या येणाऱ्या या विजेची तो सरासरी दाखवतो, यंत्राला मात्र प्रत्येक लाटेचा माथा लागतो.

पक्का उपाय म्हणजे रेग्युलेटर असलेला रेक्टिफायर बसवणे. त्याची रीत घरच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाला उफराटी वाटते: व्होल्टेज ठरल्यापुढे गेले की तो कॉइलची दोन टोके सरळ एकमेकांना जोडतो. घरात असे झाले तर ठिणग्या उडतील. इथे तसे होत नाही. चक्राचा वेग दुप्पट झाला की वीज ढकलणारा जोर दुप्पट होतो, पण आवर्तने दुप्पट झाल्यामुळे कॉइलचा स्वतःचा विरोधही दुप्पट होतो. एकाला दुसऱ्याने भागले, तर प्रवाह होता तेवढाच. कॉइल स्वतःलाच लगाम घालते, म्हणून तिचे शॉर्ट सर्किट तिला झेपते. मला या सगळ्या मामल्यातली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

मोटारसायकलींवरही याच तत्त्वाचा रेग्युलेटर असतो आणि तो स्वस्तात मिळतो. बसवताना मात्र कॉइलच्या तारा तपासाव्यात. बऱ्याच लहान दुचाकींच्या कॉइलचे एक टोक चासीला जोडलेले असते, तर आउटबोर्डच्या लाइटिंग कॉइलची दोन्ही टोके बहुधा मोकळी. तेव्हा सिंगल फेज, फुल वेव्ह युनिटच लागते. त्याला धातूचा पाठपत्रा आणि वारा हवा. लाकडी खोक्यात कोंडले, तर ते स्वतःच्याच उष्णतेने जाईल.

लिथियम बॅटरीचे आकर्षण वाढते आहे. तिच्या आतली संरक्षक पाटी व्होल्टेज फार चढल्यास बॅटरी वाचवण्यासाठी तिला सर्किटमधून तोडते. बॅटरी वाचते, पण त्याच क्षणी होडीवरचा एकमेव लगाम सुटतो आणि पुढचा फटका जीपीएसला बसतो. रेग्युलेटरशिवाय ती जोडूच नये.

रेग्युलेटर परवडत नसेल, तर सर्वांत साधी वाट म्हणजे यंत्रांची बॅटरी वेगळी, मशीनशी संबंध नसलेली, घरून चार्ज करून आणलेली. अर्धा अँपिअर ओढणाऱ्या यंत्राला सात अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरली, तरी सात तास पुरते. एका दिवसाच्या मासेमारीला हे बहुतेकदा भागते. मशीनच्याच बॅटरीवर चालवायचे असेल, तर मधे 9 ते 36 व्होल्ट सोसणारा आणि 12 देणारा कन्व्हर्टर घालावा. अचानक उसळणाऱ्या माथ्यांसाठी सप्रेसर डायोड चालतो, पण तो क्षणिक फटक्यापुरता. तासभर चढलेले व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेरचे.

आपल्या मशीनला रेग्युलेटर आहे की नाही, हे पाहायला कारागीर लागत नाही. 1 जून ते 31 जुलैची बंदी संपून होड्या उतरल्या की पूर्ण भरलेली बॅटरी जोडावी, फिशफाइंडर आणि वायरलेसच्या तारा सोडवून ठेवाव्यात, आणि नेहमीच्या वेगाने तासभर चालवून टर्मिनलवर मीटर लावावा. आकडा 14.5 च्या आसपास थांबला तर रेग्युलेटर आहे. 15 ओलांडून चढतच राहिला तर नाही, आणि मग त्या तारा तशाच सोडवलेल्या राहू द्याव्यात.