सायकल काढा, धारूरला चला!

इटलीतल्या तोस्कानाच्या टेकड्यांत सायकल चालवायला जगभरातून लोक जातात. तिथे गायोले गावी १९९७ पासून ‘लेरोईका’ ही सायकलफेरी निघते, जुन्या सायकलींवरून, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर. आपल्याकडे बीड जिल्ह्यात बालाघाटचे डोंगर आहेत. चढउतार आहेत, जुनी गावं आहेत, गर्दी मात्र नाही.

माझा आवडता रस्ता धारूर-आडस-अंबाजोगाई. तेलगावकडून आलात तर आधी धारूरचा घाट चढावा लागतो. वळणं अरुंद, वर मालमोटारी, त्यामुळे उजाडताच घाट उरकावा. माथ्यावरच्या किल्ल्याला निवांत वेळ द्या. आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो १५६७ च्या सुमारास बांधला आणि दोनच वर्षांत निजामशाहीने घेतला!

पुढे पठार. पावसाळा सरता सरता कडेच्या माळावर सीताफळं डोळे उघडू लागतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. वाटेत पाटीवाली दिसली की ब्रेक आपोआप लागतो.

अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन झालं की बाराखांबी बघा, यादवकाळातलं देऊळ. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीच्या काठाला आहे. संतकवी दासोपंतांची पासोडीही इथलीच: सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ!

बाभळीचे काटे टायरचा जीव घेतात, म्हणून जादा ट्यूब आणि पंप हवाच. पाणी दोन बाटल्या. दसऱ्यानंतर ऊसतोडीचे ट्रॅक्टर सुरू होतात, अंधारात त्यांच्या ट्रॉल्या दिसत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबर सर्वांत उत्तम.

कोणी येतंय का? कमेंटमध्ये सांगा.